बाईंचा धोटा राहिलाय

अण्णा, भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

गेला आठवडाभर तुमचं शेवटचं चित्र माझ्या जेवणाच्या टेबलावर होतं. आम्ही सगळे खाली बसून जेवत होतो. सुनेनं दोन दिवस काही विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, त्या चित्राचं नक्की काय करायचंय?" मी म्हटलं, "एक फटकारा मारायचाय." ती म्हणाली, "एकच ना? मग मारून टाका की." आता तिला काय सांगणार! तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली बाई एका फटकाऱ्यासाठी रोज सकाळी ब्रश ओला करते आणि पुसून ठेवते, हे कळलं असतं तर तुम्ही पोट धरून हसला असतात. तुम्हाला हसायला फार कारण लागायचं नाही म्हणा.

तुमचा जन्म कुठला, चादरीच्या कारखान्यात किती वर्षं डिझाइनं काढलीत, मागं कोण कोण आहे, हे सगळं तुमच्या मुलानं पेपरात दिलं, फोटोसकट. फोटोत तुम्ही इतके गंभीर आहात, की हे दुसरेच कुणी अंबादासअण्णा असावेत असं मला क्षणभर वाटलं आणि बरंही वाटलं. मग खालचा पत्ता वाचला.

मला आठवतात ते कंबर तलावावरचे अण्णा. आमची रविवारची मंडळी तेव्हा जेमतेम पाच जणांची होती. सलीमभाई रिक्षावाले, दातांचे डॉक्टर, मी आणि येऊन-जाऊन असणारे दोघं. सकाळी सातला कुठंतरी जमायचं, समोर दिसेल ते रंगवायचं आणि ऊन डोक्यावर यायच्या आत घर गाठायचं. तुम्ही त्या दिवशी नुसते फिरायला आला होतात. माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिलात. पाठीमागं उभं राहून बघणारं माणूस मला अजिबात खपत नाही. मी मान न वळवता म्हटलं, "काढायचं असेल तर बसा, नाहीतर पुढं चला."

"बसतो की," म्हणालात, आणि खरंच बसलात.

खिशातून बारीक चौकटींचा कागद काढलात. आयुष्यभर चादरीवरचे मोर आणि फुलं त्याच कागदावर काढलेली, दुसरा कागद तुमच्या खिशात कुठून असणार? तलावाकाठचं झाड तुम्ही काढलंत, पण अर्धंच, आणि पेन्सिल खाली ठेवलीत. मी विचारलं, "उरलेलं अर्धं?"

"उरलेलं तसंच येतंय की, उलटं. चादरीत अर्धं काढलं की बास. दुसरं अर्धं माग आपोआप घेतंय."

"झाडाला माग नसतो," मी म्हटलं.

तुम्ही मान वर करून झाडाकडं बघितलंत. बराच वेळ बघितलंत. मग म्हणालात, "व्हय की ओ. हिकडं तर फांदीच न्हाय." साठीच्या घरातला माणूस पहिल्यांदाच झाड बघत असल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता. साडेदहा वाजले तरी तुम्ही उठेनात. शेवटी सलीमभाईंनी तुम्हाला दंडाला धरून रिक्षात घातलं. पुढच्या रविवारी सहा चाळीसला तुम्ही तलावावर हजर, नवा ड्रॉइंग बोर्ड घेऊन, आणि आम्ही त्या दिवशी किल्ल्यावर जमणार होतो हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. तासभर एकटेच बसून तुम्ही तेच झाड पुन्हा काढलंत, या खेपेला दोन्ही बाजू वेगळ्या.

मग वर्षभरानं तुम्ही तो धोटा काढलात आणि माझ्या रविवारांची शांतता संपली.

आपण भुईकोट किल्ल्यापाशी बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "आमच्या आईच्या मागावर जो यील त्यानं एक धोटा टाकून जायचं. पोस्टमन असू दे, न्हाय तर जावई. कापड एकट्याचं नसतंय म्हणायची. आपण चित्राला बी तसंच करू." डॉक्टरांना धोटा म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. आडवा धागा पोटात घेऊन मागावर इकडून तिकडं पळणारं ते होडीच्या आकाराचं लाकूड तुम्ही दोन्ही हातांनी हवेत पळवून दाखवलंत. नियम असा ठरला, की उठायच्या आधी शेजाऱ्याच्या चित्रात एक फटकारा मारायचा आणि त्यानं आपल्या चित्रात. एकच. विचारायचं नाही, पुसायचं नाही.

मी साफ नाही म्हटलं. माझं चित्र म्हणजे माझं. सलीमभाई म्हणाले, "बाई, गुस्सा नक्को. एकच लकीर तो है." सगळे तुमच्या बाजूनं. आणि माझ्या शेजारी नेमके तुम्ही बसलेले.

त्या दिवशी तुम्ही माझ्या बुरुजाच्या पायथ्याशी पिवळ्या रंगाचा एक आडवा फटकारा मारलात. तटावरून खाली उतरलेलं ऊन. मी अर्धा तास त्याच जागी अडले होते आणि पिवळा लावायचं धाडस होत नव्हतं. त्या वेळी मी तुम्हाला म्हटलं, "बिघडवलंत." आज कबूल करते, अण्णा. तो फटकारा बरोबर होता. ते चित्र पुण्याला भावाच्या घरी लावलंय आणि येणारा प्रत्येक जण त्या उन्हाचं कौतुक करतो. कौतुक मी गुपचूप स्वतःच्या नावावर घेत आले.

पण म्हणून सगळेच बरोबर होते असं समजू नका. हिप्परग्याच्या तलावात तुम्ही मला न विचारता जो बगळा उभा केलात, त्याला डॉक्टर आजही बदक म्हणतात. अक्कलकोटला तर तुम्ही कहर केलात. फुलांची टोपली घेऊन बसलेल्या आजींच्या हातात ब्रश दिलात आणि माझ्याच चित्राकडं बोट दाखवलंत. त्या कानडीत "छलो अदा", म्हणजे छान आहे, असं म्हणाल्या, माझ्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर भला मोठा निळा ठिपका ठेवला आणि पुन्हा हार ओवायला लागल्या. तुम्ही रस्त्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. परतीच्या वाटेवर मी तुमच्याकडं पाठ करून बसले. तुमच्या घरून वहिनींनी दिलेला चिंचेचा भातसुद्धा मी हट्टानं खाल्ला नव्हता, आणि पोटात कावळे ओरडत होते.

रिक्षातलं आपलं भांडण आठवतंय ना? दर रविवारी तेच. मी म्हणायची, चित्र काढणाऱ्याचं असतं, दुसऱ्यानं त्यात हात घालू नये. तुम्ही एकदा शांतपणे विचारलंत, "बाई, तीस वर्षं तुमी पोरांच्या चित्रात हात घातलाव. कुणाला इचारलाव का?"

"ते शिकवणं होतं."

"मग मी बी शिकवतोय की."

सलीमभाईंनी हसता हसता रिक्षा खड्ड्यात घातली. मला आठवलं, की कुठल्याशा वर्गातल्या एका मुलीनं जांभळी गाय काढली होती आणि मी माझ्या हातानं ती पांढरी करून दिली होती. तुम्ही विचारल्यापासून मला ती गाय आठवते. तुमच्याआधी कधी आठवली नव्हती.

आता त्या शेवटच्या रविवारावर येते. टाळून चालणार नाही.

आपण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होतो, तुमच्या ओळखीच्या रंगाईच्या कारखान्यामागं. बांबूंवर रंगवलेल्या सुताच्या लडी वाळत होत्या, लाल, हिरव्या, हळदी. तुम्ही अर्थातच लडी काढायला घेतल्यात. लडी किती आहेत ते आधी मोजलंत, तेवढ्याच काढल्यात. मी मात्र तिकडं पाठ करून पत्र्याचं शेड काढलं, सगळं करड्या रंगात. चार प्रकारचा करडा, एकावर एक पातळ हात देत. अण्णा, ते माझं चांगलं चित्र होतं. मला ते प्रदर्शनाला पाठवायचं होतं. तुम्हाला सांगितलंही होतं मी, सकाळीच.

आणि उठायच्या वेळी तुम्ही आलात, बघितलंत, ब्रश लाल रंगात बुडवलात आणि माझ्या शेडवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढलात.

मी ओरडले. लोक काम थांबवून बघायला लागले, सायकलवरून चाललेला एक जण उतरून उभा राहिला. मी म्हटलं, तुम्हाला चित्रातलं ओ की ठो कळत नाही, जन्मभर चौकटी भरल्यात, चौकटीच भरत बसा. असं म्हटलं मी. डॉक्टर खाली बघत होते. तुम्ही हसला नाहीत, रागावलाही नाहीत, नुसता ब्रश धुतलात. तुमच्या चित्रात माझा फटकारा राहिला होता. डॉक्टरांनी हळूच आठवण केली. मी म्हटलं, "मारत नाही."

तुमच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. तुम्ही स्टूल रिक्षातच ठेवलंत, नेहमीसारखं, बोर्ड बगलेत धरलात आणि वाकून म्हणालात, "बाई, तुमचा धोटा राहिलाय हं."

"राहू दे," मी म्हटलं.

आपलं शेवटचं बोलणं एवढंच. गुरुवारी दुपारी सलीमभाईंचा फोन आला. जेवून पडलात आणि उठलाच नाहीत. मी फोन ठेवला आणि काय केलं असेल? तो लाल फटकारा पुसायचा ठरवून ओला स्पंज काढून ठेवला होता, तो उचलून मोरीत टाकला.

तुमचे दिवस झाले आणि दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याकडं आल्या. चादरीत गुंडाळून चित्र आणलं होतं. बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे कपाटात ठिवू दिलं न्हाईत. मी आवरायला गेले तर म्हणाले, ऱ्हाऊ दे, बाईंचा हात फिरायचाय. मला काय कळतंय त्यातलं? तुमी काय करायचं ते करा. मला काच घालून त्यांच्या फोटोशेजारी लावायचंय. रविवारी न्यायला यीन." मी माफी मागणार होते. तुम्ही घरी काही सांगितलंय का ते आधी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगितले की. बाई आज लई वरडल्या म्हणाले. दोन वेळा भात घेतले."

म्हणजे मी रविवारची दुपार तळमळत काढली आणि तुम्ही दोनदा भात घेतलात!

तरी माझा हात उठेना. मी जे बोलले होते त्यावर एक फटकारा मारून मोकळं व्हायचं, हे मला पटेना. आणि चुकला तर? तो काचेआड जाणार, तुमच्या फोटोशेजारी, कायमचा. सोमवारी निळा कालवला, मंगळवारी तपकिरी. बुधवारी वैतागून तुमच्या घरी गेले आणि वहिनींना म्हटलं, अण्णांची जुनी चित्रं दाखवा. कपाटातून गठ्ठा निघाला. फरशीवर पसरला. नऊ वर्षांचे रविवार, सगळ्या खोलीभर. वहिनी पाय ठेवायला जागा शोधत कडेनं फिरत होत्या.

माझे फटकारे मी लगेच ओळखले. नेहमीसारखे चपखल बसलेले. मला मनातून याचा अभिमान होता, अण्णा. वाटायचं, तुमचा धोटा माझ्या चित्रात दगडासारखा येऊन पडतो आणि माझा तुमच्या चित्रात कसा अलगद मिसळतो, हात सराईत आहे ना माझा. मग मी चष्मा लावून जवळून बघितलं. विहिरीच्या चित्रात काठाचा रंग सगळीकडून येऊन एका जागी थांबला होता आणि तिथल्या कोऱ्या कागदावर माझा फटकारा होता. घाटाच्या चित्रात तेच. देवळाच्या, गिरणीच्या चिमणीच्या, बाभळीच्या चित्रात तेच. धोटा सुरू झाल्यापासून प्रत्येक चित्रात तुम्ही बोटभर कागद कोरा सोडला होता. माझ्यासाठी. आणि मी, चित्रकलेची शिक्षिका, आठ वर्षं त्या जागी फटकारा मारून स्वतःचीच पाठ थोपटत होते.

माझ्या चित्रात मात्र नखाएवढी जागा नसायची. कोपरान् कोपरा भरलेला. तुम्ही तरी धोटा कुठं टाकणार होतात? माझ्या रंगावरच पडणार तो.

मी तिथंच फरशीवर बसून रडले. वहिनी आधी घाबरल्या. मग त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "त्यात काय? जेवायला बसले तरी ताटात एक कड मोकळी ठिवायचे. मी वाढायला यीन म्हणून."

घरी आले आणि टेबलावरच्या चित्रात ती जागा शोधली. सापडली. शेवटच्या लाल लडीखाली, जमिनीवर, लडीतून पाणी टपकून माती ओली होते तिथं. मग ठरवलं, हे काम टेबलावर करायचं नाही. जिथं राहिलं तिथंच करायचं.

म्हणून आज आपण सगळे पुन्हा एमआयडीसीत गेलो होतो. आपण म्हटलं बघा सवयीनं. सलीमभाई वहिनींना घेऊन आले, भाताच्या डब्यासकट. नऊ वर्षं डबा भरून देणाऱ्या वहिनी कधी एकदाही आल्या नव्हत्या. विचारलं तर म्हणाल्या, "कुणी बोलावलं न्हाई." आमच्यापैकी कुणालाच ते कधी सुचलं नव्हतं. तुमच्यावरही जरा रागच आला मला. सलीमभाईंनी रिक्षातून तुमचं स्टूल काढलं आणि माझ्या शेजारी मांडलं. वहिनी बसल्या.

लडी वाळत होत्या. मी तुमचं चित्र मांडीवर घेतलं, तपकिरीत थोडा लाल मिसळला आणि ओल्या मातीवर एक फटकारा मारला. सरळ आला नाही. शेवटी जरा वर सरकला आणि लडीच्या टोकाला लागला. पुसायचं नाही हा नियम, म्हणून पुसला नाही. डॉक्टर म्हणाले, "छान." मी म्हटलं, "खोटं बोलू नका." पण तो झाला, अण्णा. जे मी त्या दिवशी बोलले ते त्या फटकाऱ्यानं पुसलं जात नाही, हे मला कळतं. माफ करा. तुमच्या चौकटींतल्या एकाही मोरासारखा मोर मला जन्मात जमणार नाही.

शेडवरच्या लाल फटकाऱ्याबद्दल मात्र माफी नाही. तो चूकच आहे. ते चित्र मी प्रदर्शनाला पाठवलेलं नाही, दिवाणखान्यात लावलंय. येणारा आधी त्या लाल रंगाकडं बघतो आणि मला दर वेळी सांगावं लागतं की तो मी मारलेला नाही. मग तुमची गोष्ट सांगावी लागते.

त्यानंतर मी माझं आजचं चित्र काढायला घेतलं. ठरवून आले होते, की आज तुमच्यासारखी जागा सोडायची. बोटभर कागद, खालच्या कोपऱ्यात. पण एकदा हात चालायला लागला आणि आभाळ इतकं सुरेख उतरलं, कारखान्यांच्या छपरांवरचं ते सकाळचं फिकट, धुळकट आभाळ, की सगळं विसरले. भानावर आले तेव्हा कागद कोपऱ्यापर्यंत भरला होता. खोड काही जात नाही.

उठायची वेळ झाली. सगळ्यांनी आपापल्या शेजाऱ्याच्या चित्रात धोटे टाकले. माझं चित्र तसंच राहिलं. वहिनींनी सगळ्यांकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "हितं मी टाकायचा का?"

मी ब्रश त्यांच्या हातात दिला. तुमच्यासारखा मधे धरत नाहीत त्या, कुंकवाच्या काडीसारखा अगदी टोकाला धरतात. हिरव्यात बुडवला, चांगला गच्च, आणि माझ्या आभाळाच्या बरोब्बर मधोमध ओढला. पाणी ओघळून छपरापर्यंत आलं.

"अहो वहिनी!" मी ओरडले. "आभाळात हिरवं कशाला?"

रंगाईवाले कामगार वळून बघायला लागले. सलीमभाई डबा हातात घेऊन जागच्या जागी थांबले. वहिनींनी ब्रश पाण्यात घातला, नीट खळबळला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ते सांगायचे, बाई वरडल्या की समजायचं धोटा बसला."

मी रागावले होते, अण्णा. खोटं नाही, मनापासून, तुमच्यावर रागवायचे अगदी तशी. आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं. मग आम्ही तिथंच बसून भात खाल्ला. मी दोनदा घेतला.

परत जाताना वहिनींनी चित्र चादरीत गुंडाळून घेतलं. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. सलीमभाई स्टूल उतरवायला लागले, तर वहिनींनी हातानं अडवलं. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे की आत. रविवारी लागंल."